टायमिंग चेन उन्हाने सैल होते का?

तुमच्या प्रश्नाचा सारांश आधी मांडतो, म्हणजे उत्तर कशाचे आहे हे इतर वाचकांनाही कळेल. टायमिंग चेन म्हणजे क्रँकच्या (पिस्टनांनी फिरणाऱ्या दांड्याच्या) फिरण्यावर कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) फिरवणारी साखळी. लाखभर किलोमीटर झालेली तुमची लहान पेट्रोल गाडी सोलापुरातच वापरात आहे. सकाळी पहिल्यांदा सुरू केली की टायमिंग कव्हरच्या (या चेनवरच्या झाकणाच्या) बाजूने दोन-तीन सेकंद चेन खडखडल्यासारखा आवाज येतो, मग तो थांबतो आणि दिवसभर गाडी शांत चालते. तुमच्या मिस्त्रींचे म्हणणे असे की इथल्या उन्हाने चेन वाढून सैल पडली आहे, म्हणून टेन्शनरमध्ये (चेनला ताण देणाऱ्या भागात) एक वॉशर घालून ती घट्ट करावी आणि ऑइलही जाड घालावे. तुम्हाला वॉशर पटत नाही. त्याऐवजी उष्णतेने न वाढणाऱ्या धातूची, उदाहरणार्थ टायटॅनियमची, चेन बाहेरून मागवता येईल का, असे तुम्ही विचारले आहे.

इंजिन खोलण्या-बांधण्याच्या कामात माझी बरीच वर्षे गेली आहेत आणि हा समज गॅरेजांतून मी सतत ऐकत आलो आहे. तो चुकीचा आहे, पण मूर्खपणाचा नाही. लोखंड तापले की वाढते हे प्रत्येकाने पाहिलेले असते. बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव चढवताना ती शेणीच्या आगीत लाल करतात, ती वाढते, लाकडी चाकावर सहज बसते आणि पाणी ओतले की आवळून धरते. मात्र तिथे फक्त धाव तापवलेली असते, चाक गारच असते. इंजिनात चेन एकटी तापत नाही. तिच्यासोबत ब्लॉक (इंजिनाचा मुख्य सांगाडा) तापतो, हेड (त्यावरचा व्हॉल्व्हचा भाग) तापते, स्प्रॉकेट (चेन ज्यांवर फिरते ती दातेरी चाके) तापतात. म्हणून चेन किती वाढते हा प्रश्न अपुरा आहे. ज्या दोन स्प्रॉकेटांमध्ये ती ताणलेली आहे त्यांच्यातले अंतर किती वाढते, हे सोबत विचारल्याशिवाय सैल की घट्ट हे ठरतच नाही.

आता आकडे पाहू. एक मीटर लांबीचा पोलादी दांडा एक अंश सेल्सिअसने तापला तर सुमारे १२ मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) वाढतो. बिडाचा सुमारे ११ मायक्रॉन वाढतो. इंजिनासाठी वापरतात त्या अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचा मात्र सुमारे २२ मायक्रॉन वाढतो, म्हणजे पोलादाच्या जवळजवळ दुप्पट. क्रँकच्या मध्यापासून कॅमच्या मध्यापर्यंतचे अंतर ४०० मिलिमीटर धरू आणि इंजिन २० अंशांवरून १०० अंशांवर गेले असे मानू. पूर्ण अ‍ॅल्युमिनियमच्या इंजिनात हे अंतर ०.७० मिलिमीटरने वाढते. त्याच अंतरातली पोलादी चेन ०.३८ मिलिमीटर वाढते. म्हणजे एका बाजूला चेन ०.३२ मिलिमीटरने कमी पडते आणि चेनच्या दोन्ही बाजू धरल्या तर सुमारे ०.६४ मिलिमीटर ढील नाहीशी होते. इंजिन तापल्यावर चेन सैल पडत नाही, उलट आवळली जाते.

हे सगळे तुमचे इंजिन कशाचे आहे यावर अवलंबून आहे. ब्लॉक बिडाचा आणि फक्त हेड अ‍ॅल्युमिनियमचे असेल, तर वरच्याच ४०० मिलिमीटरपैकी २५० बिडाचे आणि १५० अ‍ॅल्युमिनियमचे धरून अंतराची वाढ सुमारे ०.४८ मिलिमीटर येते आणि चेनशी फरक जेमतेम ०.१० मिलिमीटर उरतो. आपल्याकडे वर्षानुवर्षे चाललेले १२४८ सीसीचे डिझेल इंजिन याच रचनेचे, बिडाच्या ब्लॉकचे आणि चेनचे आहे. मारुतीची के मालिकेतली पेट्रोल इंजिने अ‍ॅल्युमिनियमच्या ब्लॉकची आहेत. पण दोन्ही रचनांत फरकाची दिशा एकच आहे. तापलेल्या इंजिनात चेन गार इंजिनापेक्षा सैल असते अशी मांडणी नेहमीच्या गाड्यांत मला कुठे दिसलेली नाही.

तुमच्या तक्रारीतही हेच लिहिलेले आहे. चेन उष्णतेने सैल होत असती, तर सकाळी गाडी शांत राहिली असती आणि भर दुपारी पुण्याहून महामार्गाने येताना टेंभुर्णीच्या पुढे कुठेतरी खडखडायला लागली असती. तुमच्याकडे नेमके उलटे घडते.

उन्हाचा मुद्दाही इथेच संपवतो. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे पारा ४२-४४ अंशांपर्यंत जातो हे खरे आहे, परंतु इंजिन किती तापावे हे थर्मोस्टॅट आणि रेडिएटरचा पंखा ठरवतात. कूलिंगची व्यवस्था नीट असेल तर डिसेंबरात आणि मे महिन्यात कूलंट साधारण ९० ते १०० अंशांच्या आसपासच राहते. बाहेरच्या हवेने फरक पडतो तो सुरुवातीच्या तापमानात: हिवाळ्यातल्या पहाटे इंजिन १५ अंशांवरून सुरू होते, मे महिन्यात ३० वरून. प्रसरणाच्या हिशेबाने पाहिले तर सोलापूरच्या उन्हाळ्यात चेनला उलट कमी प्रवास करावा लागतो.

तापण्याच्या वाटेतली एक बारीक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही, म्हणून इथे सांगतो. इंजिनाचे सगळे भाग एकाच वेळी तापत नाहीत. हेड आणि कूलंट लवकर तापतात, ऑइलला त्याहून बराच अधिक वेळ लागतो, आणि चेनचे तापमान ऑइलच्या मागे मागे जाते. त्यामुळे तापमानाचा काटा नुकताच मध्यावर आलेला असताना ब्लॉक जवळजवळ पूर्ण वाढलेला असतो पण चेन अजून कोमटच असते, आणि त्या काही मिनिटांत चेन सर्वांत जास्त आवळलेली असते. पुढे महामार्गावर ऑइल ११५ अंशांपर्यंत गेले की चेन थोडी आणखी वाढते, ०.३८ ऐवजी ०.४६ मिलिमीटर, आणि ताण किंचित उतरतो. तरीही ब्लॉकच्या ०.७० पेक्षा ती मागेच असते.

मग सकाळची खडखड कशाची? बहुतेक गाड्यांत चेनला ताण देणारा टेन्शनर ऑइलच्या दाबावर चालतो. त्याच्या पोकळ दंडगोलात एक प्लंजर (पुढेमागे सरकणारा दट्ट्या) असतो, आत एक स्प्रिंग असते आणि तळाशी एक बारीक गोळीचा व्हॉल्व्ह असतो, जो ऑइल आत घेतो पण परत जाऊ देत नाही. गाडी रात्रभर उभी राहिली की प्लंजर आणि दंडगोल यांच्यामधल्या फटीतून ऑइल हळूहळू पाझरून खाली उतरते. सकाळी स्टार्टर फिरतो तेव्हा टेन्शनरकडे फक्त स्प्रिंगचे बळ असते. ऑइल पंपाने दाब उभा करून तो वरपर्यंत पोहोचेपर्यंत चेनची सैल बाजू गाईडवर (चेन जिच्यावरून सरकते त्या पट्टीवर) आपटत राहते. नव्या चेनमध्ये ढीलच इतकी थोडी असते की स्प्रिंग एकटी पुरते आणि आवाज ऐकू येत नाही. चेन झिजून लांबली की तोच एखादा सेकंद खडखडायला लागतो, आणि इंजिन गार असल्यामुळे ब्लॉकही आखडलेला असतो, म्हणजे ढील जास्तीत जास्त असते तेव्हाच ताण कमीत कमी असतो. काही सेकंदांत थांबणारी खडखड म्हणजे उष्णतेचा परिणाम नव्हे, कारण एवढ्या वेळात इंजिन तापतच नाही. तेवढ्या वेळात फक्त ऑइल पोहोचते.

टेन्शनरवर बहुतेकदा दातेरी खाचाही असतात. प्लंजर बाहेर आला की एक छोटी खिटी त्या खाचेत अडकते आणि त्याला फार मागे जाऊ देत नाही, जेणेकरून ऑइल नसतानाही चेन पूर्ण सैल पडू नये. हा टेन्शनर हातात घेऊन प्लंजर दाबून पाहिलात तर तो खाचेत अडकण्यापूर्वी थोडा मागे सरकतो. ग्राहकांना आणि काही मिस्त्रींनाही हा दोष वाटतो. टेन्शनर ‘ढिला’ आहे असे म्हणून तो बदलला जातो. तो दोष नाही. गार इंजिनात बसलेला प्लंजर, ब्लॉक वाढून चेन आवळली गेल्यावर मागे जाऊ शकावा, यासाठी ती जागा मुद्दाम ठेवलेली असते. वर काढलेले ०.६४ मिलिमीटर शेवटी इथेच मुरतात.

आणि म्हणूनच वॉशरला माझा विरोध आहे. अर्थात वॉशर नेमका कुठे जाणार यावर नुकसान ठरेल. स्प्रिंगखाली घातला तर ताण वाढतो, आवाजही बहुधा बंद होतो, पण स्प्रिंगच्या वळ्यांना मिटायला जागा कमी उरते. इंजिन तापून चेनने प्लंजर मागे दाबला आणि वळी एकमेकांना टेकली की पुढे सरकायला जागाच नाही. मग तो ताण गाईडच्या नायलॉनवर, पिनांवर आणि कॅमच्या पुढच्या बेअरिंगवर येतो. प्लंजरचे टोक आणि गाईडचा हात यांच्यामध्ये वॉशर ठेवला तर तो निखळून टायमिंग कव्हरमध्ये पडण्याची भीती असते, शिवाय प्लंजर किती बाहेर आला आहे हे पाहून झीज ओळखण्याचा सर्वांत सोपा मार्ग आपण स्वतःच बुजवून टाकतो. याहून वाईट प्रकारही मी पाहिला आहे: टेन्शनर काढून त्या जागी बोल्ट आणि चेकनट लावून चेन हाताने घट्ट केलेली. गार इंजिनात असा बोल्ट आवळून आवाज बंद करणे म्हणजे तापल्यावर चेन तारेसारखी ताणली जाणार याची सोय करून ठेवणे. गाडी गॅरेजमधून शांत बाहेर पडते, त्यामुळे दोष कळेपर्यंत गाईडची पट्टी घासून गेलेली असते.

आता ‘चेन लांबली’ म्हणजे नेमके काय होते ते पाहू, कारण धातूच्या निवडीचा सगळा प्रश्न इथून सुरू होतो. बोलण्यात आपण चेन ताणली म्हणतो, पण तिच्या पट्ट्या रबरासारख्या ताणल्या जात नाहीत. हान्स रेनॉल्ड यांनी १८८० साली मँचेस्टरला बुश-रोलर चेनचे पेटंट घेतले, तेव्हापासून आजवर या चेनची झिजण्याची जागा तीच आहे: पिनेचा बाहेरचा पृष्ठभाग आणि बुशचा (पिनेभोवतीच्या नळीचा) आतला पृष्ठभाग. चेन स्प्रॉकेटवर वळते तेव्हा प्रत्येक सांध्यात पिन बुशमध्ये थोडीशी फिरते. तिथे ऑइलचा थर अत्यंत पातळ असतो आणि त्यात धूळ, काजळी किंवा जुन्या ऑइलचा गाळ आला की धातू घासला जातो.

८ मिलिमीटर पिचची (लागोपाठच्या दोन पिनांमधल्या अंतराची), १३० कड्यांची चेन धरा. एकूण लांबी १०४० मिलिमीटर. प्रत्येक सांधा फक्त ०.०२ मिलिमीटर झिजला, म्हणजे केसाच्या जाडीहूनही कमी, तरी पूर्ण चेन २.६ मिलिमीटरने लांबते. उष्णतेने पडणाऱ्या ०.६४ मिलिमीटरच्या फरकाशी ही तुलना करून पाहा. शिवाय उष्णतेचा फरक रोज येतो आणि रोज परत जातो. झीज परत जात नाही.

दोघांचा परिणाम टायमिंगवर विरुद्ध दिशांनी होतो, हे विशेष. ३६ दातांच्या कॅम स्प्रॉकेटवर एक दात म्हणजे १० अंश, म्हणून ८ मिलिमीटर पिचच्या चेनमध्ये १ मिलिमीटरचा फरक म्हणजे कॅमचे सव्वा अंश आणि क्रँकचे अडीच अंश. ओढणाऱ्या बाजूची ४०० मिलिमीटर चेन झिजून १ मिलिमीटर लांबली की कॅम तेवढा मागे पडतो आणि व्हॉल्व्ह उशिरा उघडतात. तापलेल्या अ‍ॅल्युमिनियम इंजिनात मात्र अंतर चेनपेक्षा ०.३२ मिलिमीटर जास्त वाढते, म्हणून कॅम सुमारे ०.४ अंश पुढे ओढला जातो. इंजिन बनवणारे हे आधीच हिशेबात धरतात. स्कॅनरवर पी-००१६ हा कोड आला, म्हणजे क्रँक आणि कॅम यांचा मेळ संगणकाला जुळत नसेल, तर संशय झिजलेल्या चेनवर, सरकलेल्या दातावर, बिघडलेल्या व्हीव्हीटीवर (व्हॉल्व्हची वेळ बदलणाऱ्या यंत्रणेवर) किंवा सेन्सरवर घ्यावा, उन्हावर नव्हे.

टायटॅनियमकडे वळतो. तुमची कल्पना अशी की कमी वाढणारा धातू म्हणजे चांगली चेन. टायटॅनियमचा प्रसरणाचा आकडा साधारण ८.६ आहे, पोलादापेक्षा कमी. परंतु आपल्या इंजिनाचा ब्लॉक २२ ने वाढणारा आहे. चेन जितकी कमी वाढेल तितकी तिची आणि ब्लॉकची फारकत वाढते: आपल्या उदाहरणात एका बाजूचा फरक ०.३२ वरून ०.४३ मिलिमीटरवर जाईल. मुळीच न वाढणारा धातू हवा असेल तर इन्व्हार आहे, ३६ टक्के निकेल असलेले लोखंड, ज्याच्या शोधाशी जोडलेल्या कामासाठी शार्ल गियोम यांना १९२० सालचे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. अचूक मापनाच्या उपकरणांसाठी तो धातू उत्तम आहे. चेनमध्ये वापरला तर फरक ०.६७ मिलिमीटरवर जाईल, आणि तो मऊ असल्याने पिना लवकर झिजतील ते वेगळेच.

कागदावर खरोखर जुळणारा धातू शोधायचा तर तो जास्त वाढणारा हवा. आपल्या स्वयंपाकघरातले स्टेनलेस स्टील १७ च्या आसपास वाढते. त्याची चेन केली तर फरक निम्म्याने कमी होतो. तरीही तशी टायमिंग चेन कोणी बनवत नाही, कारण त्या जातीचे स्टेनलेस पाणी देऊन कडक होत नाही आणि दाबाखाली घासले की ते स्वतःलाच धरते. स्टेनलेसच्या बोल्टवर स्टेनलेसचा नट आवळताना तो मध्येच जाम झाल्याचा अनुभव ज्यांनी घेतला आहे त्यांना मी काय म्हणतो ते लगेच कळेल. टायटॅनियमलाही हीच खोड आहे. वर त्याची ताठरता पोलादाच्या जवळपास निम्मी असल्याने तेवढ्याच जाडीच्या पट्ट्या ओढीखाली दुप्पट लांबतील, आणि कॅमची वेळ इंजिनाच्या प्रत्येक झटक्याबरोबर हलेल.

एवढा विचार केला की कारखान्यांनी पोलादच का धरून ठेवले आहे ते समजते. प्रसरणातला फरक अर्ध्या मिलिमीटरच्या आतबाहेरचा आहे, तो दरवेळी सारखाच येतो आणि टेन्शनर तो सहज पचवतो. झीज मात्र टेन्शनरला संपवते. म्हणून धातूशास्त्राची सगळी मेहनत प्रसरणावर नव्हे तर पिनेच्या कातडीवर खर्च होते. पट्ट्या मध्यम कार्बनच्या पोलादाच्या, पाणी देऊन नंतर थोड्या मऊ केलेल्या असतात, म्हणजे त्या झटका सोसतात आणि तडकत नाहीत. बुश वरून कडक आणि आतून चिवट असतो. पिनेवर मात्र चांगल्या चेनमध्ये क्रोमियम किंवा व्हॅनेडियम कार्बाइडचा काही मायक्रॉनचा थर असतो. साधी कडक केलेली पिन कडकपणाच्या व्हिकर्स मोजणीत ७००-८०० भरते. व्हॅनेडियम कार्बाइडचा थर २००० च्या वर जातो. ऑइलमधली काजळी ज्या पिनेला पॉलिश पेपरसारखी घासत राहते तिच्यावर हा थर असणे आणि नसणे, यातच चेनचे आयुष्य आहे. डोळ्यांना दोन्ही पिना सारख्याच दिसतात, आणि डुप्लिकेट मालाचा धंदा त्यावरच चालतो.

स्प्रॉकेटही पोलादाचे किंवा लोखंडाच्या भुकटीपासून दाबून भाजलेले का असतात, यामागे प्रसरणाचे कारण थेट आहे. चेन आणि स्प्रॉकेट एकाच प्रमाणात वाढले तर दातांचे पिच आणि कड्यांचे पिच कोणत्याही तापमानाला जुळलेले राहतात. स्प्रॉकेट अ‍ॅल्युमिनियमचे केले तर ८० अंशांच्या वाढीत प्रत्येक दातामागे जवळजवळ ०.००६ मिलिमीटरची तफावत येते आणि अर्ध्या वेढ्यात, म्हणजे अठरा दातांत, ती ०.११ मिलिमीटरपर्यंत साचते. मग भार सगळ्या दातांवर न वाटता एक-दोघांवर येतो. १९६०-७० च्या दशकांत काही अमेरिकी इंजिनांत आवाज कमी करण्यासाठी अ‍ॅल्युमिनियमच्या स्प्रॉकेटवर नायलॉनचे दात बसवले जात, आणि ते दात कालांतराने तडकून सम्पमध्ये (इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या भांड्यात) पडत.

नायलॉनचा विषय निघाला आहे तर गाईडबद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण प्रसरणाची खरी काळजी तिथे घ्यावी लागते आणि बसवताना तीच घेतली जात नाही. चेन ज्या पट्टीवरून सरकते ती नायलॉन ६६ किंवा नायलॉन ४६ ची असते. ही प्लास्टिके पोलादाच्या अनेक पट वाढतात. साधे नायलॉन मीटरला अंशामागे ८० मायक्रॉनच्या आसपास. २५० मिलिमीटरची पट्टी ८० अंश तापली की ती दीड मिलिमीटरहून अधिक लांबते. काचतंतू मिसळले तर प्रसरण बरेच कमी होते, परंतु ते तंतू चेनलाच घासतात, म्हणून बऱ्याच गाईडचा सांगाडा काचतंतूंचा किंवा धातूचा आणि वरची सरकपट्टी साध्या नायलॉनची ठेवतात. पट्टी सांगाड्याच्या एका टोकाला घट्ट अडकवलेली आणि दुसऱ्या टोकाला थोडी मोकळी असते. पूर्ण प्लास्टिकच्या गाईडमध्ये एक भोक गोल आणि दुसरे लांबट असते. ते लांबट भोक वाढीसाठी आहे. त्या जागी खांद्याचा (गाईडला न आवळता फक्त धरून ठेवणारा) बोल्ट हरवला म्हणून साधा बोल्ट आणि वॉशर लावून गाईड दाबून टाकला, तर तापल्यावर त्याला वाढायला जागा मिळत नाही, तो कमानीसारखा वाकतो आणि बोल्टाच्या भोवती तडा जातो. वय झालेले नायलॉन तपकिरी आणि ठिसूळ होते, हेही लक्षात ठेवा. सम्प उतरवल्यावर ऑइलच्या जाळीत तपकिरी तुकडे सापडले तर चेन कशी आहे हे पाहण्याआधीच गाईड गेलेले आहेत असे समजावे.

ऑइलबद्दल. ‘सोलापूरला गरम असते म्हणून जाड ऑइल’ हा सल्ला तुमच्या तक्रारीत नेमका उलटा पडतो. कंपनीने ५डब्ल्यू-३० हे पातळ ऑइल सांगितले असेल आणि तुम्ही २०डब्ल्यू-५० हे जाड ऑइल घातले, तर सकाळी टेन्शनरपर्यंत पोहोचायला ऑइल जास्त वेळ घेईल, म्हणजे खडखड लांबेल. तापल्यावर आवाज दबल्यासारखा वाटेल खरा, पण झीज थांबणार नाही. मॅन्युअलमध्ये जाडीचे एकाहून अधिक पर्याय बाहेरच्या तापमानानुसार दिलेले असतील, तर त्यांच्यातला जाड पर्याय उन्हाळ्यात निवडायला माझी हरकत नाही. त्याच्या पलीकडे जाऊ नये. फिल्टरकडेही पाहा. पुष्कळ फिल्टरांत रबराची एक चकती असते, जी गाडी बंद असताना ऑइल परत सम्पमध्ये उतरू देत नाही. हलक्या फिल्टरमधले रबर लवकर कडक होते आणि सकाळी सगळी वाट रिकामी सापडते. फिल्टर उभा, तोंड वर करून बसवलेला असेल तर याचा परिणाम कमी असतो.

आणि आपल्याकडची धूळ. शहरातली लहान अंतरे, अर्धवट तापलेले इंजिन, ज्वारीच्या रानांवरून येणारी कोरडी बारीक धूळ आणि फुंकून परत बसवलेला एअर फिल्टर, हे सगळे मिळून पिनांना जेवढे खाते तेवढे मे महिन्याचे ऊन कधीच खात नाही. माझ्याकडे येणाऱ्या गाड्यांत महामार्गावर दीड लाख किलोमीटर चाललेली चेन पुष्कळदा शहरात ऐंशी हजार चाललेल्या चेनपेक्षा बरी निघते.

बेल्टवाल्यांनी हे वाचून आपला बेल्ट तसाच समजू नये. रबरी टायमिंग बेल्टमधले काचतंतू फारच कमी वाढतात, म्हणून अ‍ॅल्युमिनियमच्या इंजिनात तापल्यावर बेल्टचा ताण चेनपेक्षा जास्त चढतो, आणि म्हणूनच बेल्टचा ताण इंजिन गार असतानाच लावायचा असतो.

तुम्ही आता काय करावे ते सांगतो. प्रथम ठरलेल्या ग्रेडचे ऑइल आणि मूळ कंपनीचा फिल्टर घाला, आणि आठ-पंधरा दिवस सकाळचा आवाज मोबाइलवर टिपून ठेवा. आवाज एखाद्या सेकंदावर आला आणि तिथेच थांबला तर घाई नाही. तो तसाच राहिला किंवा वाढला, तर टेन्शनर बाहेरून काढता येतो का ते पाहा. काही इंजिनांत टायमिंग कव्हर न उतरवता तो काढता येतो, काहींत येत नाही, त्यामुळे खर्च पूर्णपणे यावर अवलंबून आहे. काढता येत असेल तर प्लंजर किती खाचा बाहेर आला आहे ते मोजा. तो शेवटच्या टप्प्याजवळ असेल तर चेन संपली आहे, टेन्शनर नवा घालून उपयोग नाही. तो निम्म्याच्या आत असेल आणि तरीही आवाज येत असेल, तर टेन्शनरची गोळी ऑइल धरत नाही असा अर्थ होतो आणि फक्त टेन्शनर बदलून भागू शकते. कव्हर उघडलेच, तर कंपनीच्या पुस्तकात ठरावीक ओढ देऊन ठरावीक पिनांमधले अंतर मोजायची पद्धत दिलेली असते. जुनी चेन नव्याशेजारी खिळ्याला टांगली तरी अर्ध्या कडीचा फरक नजरेला दिसतो.

चेन बदलायची ठरली तर चेन, दोन्ही स्प्रॉकेट, सगळे गाईड आणि टेन्शनर एकत्र घ्या. झिजलेल्या दातांवर नवी चेन बसवली तर तिचे पिच पहिल्याच दिवशी दातांशी जुळत नाही. हा माल सोलापुरात दोन-तीन दिवसांत मागवून मिळतो, आणि बाहेरच्या देशातून काही आणण्याची गरज नाही.

बसवताना तुमच्या मिस्त्रींना एवढे सांगा की नव्या टेन्शनरची अडकवलेली पिन सगळे जुळल्यावरच काढावी, त्यानंतर क्रँक हाताने दोन पूर्ण फेरे फिरवून खुणा पुन्हा पाहाव्यात, आणि पहिल्यांदा सुरू करण्यापूर्वी इंधन तोडून ऑइलचा दिवा विझेपर्यंत स्टार्टर थोडा थोडा फिरवावा. कोरड्या टेन्शनरवर इंजिन एकदम पेटले तर सैल चेन दात ओलांडू शकते, आणि ज्या इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनला लागतात त्यांत हेड पुन्हा उतरवावे लागते.